पंधरा ओळींची प्रत

आपांना घाबरत नाही असा बाप आमच्या मोहल्ल्यात नव्हता. खुद्द मौलवीसाहेब समोरून आपा येताना दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. कारण गाठ पडली की आपांचा पहिला प्रश्न ठरलेला, "धाकटीला शाळेत घातलंत का?" आणि 'बघतो', 'पाहू', 'पुढच्या वर्षी' ही उत्तरं त्यांच्याकडे चालत नसत.

त्या कुणाच्याच सख्ख्या आपा, म्हणजे थोरल्या बहीण, नव्हत्या. दोन भाऊ होते, ते दोघेही वयाने मोठे, दूर कुठेतरी स्थायिक झालेले. पण मोहल्ल्यातल्या आया त्यांना आपा म्हणायच्या, मुली आपा म्हणायच्या, आणि पुढे त्या मुलींच्या मुलीही आपाच म्हणू लागल्या. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची एक खोली हेच त्यांचं घर आणि हाच त्यांचा वर्ग. जिन्यात मुलींच्या चपलांचा ढीग, आत दोन लांब चटया, आणि प्रत्येकीसमोर किताब ठेवायची लाकडी ठवणी. आमच्यात नुसतं 'किताब' म्हटलं की एकच, अरबीतली, अल्लाची. दुसरी कुठली असेल तर तिचं नाव सांगावं लागतं.

आपा हाफिज होत्या, म्हणजे सबंध किताब त्यांना तोंडपाठ. मोहल्ल्यात असे पुरुष चारपाच होते, बाई ही एकच. दुपारच्या नमाजानंतर वर्ग भरायचा. आपा एक ओळ म्हणायच्या, आम्ही ती म्हणायचो. त्यांचं बोट त्यांच्या पानावर फिरायचं, आमची बोटं आमच्या. आणि प्रत पंधरा ओळींचीच हवी हा त्यांचा हट्ट. ह्या छपाईत प्रत्येक पान ठरलेल्या शब्दाने सुरू होतं आणि ठरलेल्या शब्दावर संपतं, जगात कुठेही छापलेलं असो. पाठ करणाऱ्याला ते फार सोयीचं, कारण पान डोळ्यांपुढे उभं राहतं. कुणी दुसऱ्या छपाईची प्रत आणली की आपा तिला जिन्यावरूनच परत पाठवायच्या. आम्हाला वाटायचं, काय ही शिस्त!

मला शाळेत घातलं ते आपांनी. माझे वडील चाव्या करून द्यायचे, मशिदीच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी होती. एके दिवशी आपा भर गिऱ्हाइकांत तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्या गावाची कुलपं उघडतोस, आणि स्वतःची पोर घरात कोंडून ठेवतोस?"

"तुमच्याकडे येते की ती शिकायला, आपा," वडील म्हणाले.

"माझ्याकडचं मेल्यावर कामी येईल. जगायचं कसं ते शाळेत शिकवतात. सोमवारी नाव घाल."

सोमवारी नाव घातलं. नाही घालून सांगतो कुणाला! दुसरा सोमवार आला असता तर आपा पुन्हा आल्या असत्या, आणि ह्या वेळी गिऱ्हाइकांना साक्षीला धरून बोलल्या असत्या.

आपांचे डोळे मात्र अधू. भावाचं पत्र आलं, औषधाची बाटली आली, विजेचं बिल आलं की त्या जी हाताला लागेल त्या पोरीला हाक मारायच्या, "वाच गं, माझ्या डोळ्यांपुढे धुकं आलंय." शेवटच्या रांगेतली पोर तोंडात काय चघळतेय ते त्यांना दिसायचं, पण विजेचं बिल दिसायचं नाही. लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही असा डोळ्यांचा एक प्रकार असतो, हे मी पुढे शाळेत शिकले आणि आपांचं निदान करून मोकळी झाले. शहाणी ना मी!

शिकले, मास्तरीण झाले, आणि मग शाळा तपासनीस. हाताखाली एक शिपाई, टेबलावर एक शिक्का. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाने एक योजना आणली. मोहल्ल्यात चालणाऱ्या वर्गांना शाळेची मान्यता मिळणार, पुस्तकं मिळणार, गणिताला एक जादा बाई मिळणार. अट एकच. जी बाई तिथे शिकवते तिची लिहिण्यावाचण्याची चाचणी घेऊन तपासनीसाने एक ओळ लिहायची, शिकवण्यास पात्र किंवा अपात्र. अपात्र असेल तर तिच्या जागी कार्यालय दुसरी बाई पाठवणार.

माझ्या डोळ्यांसमोर लगेच आपांच्या वर्गातल्या अकराजणी आल्या. बाकीच्या मुली सकाळी शाळा करून दुपारी आपांकडे येत. ह्या अकराजणी फक्त आपांकडे येत. शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि ह्यांचे बाप अडून बसलेले, की पोरी रस्ता ओलांडणार नाहीत. त्यांच्यापुढे आपांचीसुद्धा मात्रा चालली नव्हती. मी विचार केला, पोरी शाळेत जात नाहीत ना, मग शाळाच आपांच्या खोलीत आणू. मी त्या अकरा घरांचे उंबरे झिजवले. सगळ्यांचं उत्तर एक, "आपा शिकवणार असतील तर आमची ना नाही. दुसरी कुणी आली तर मुलगी घरी."

म्हणजे सगळं आपांवर होतं. आणि आपा चाचणीला उभ्या राहीनात. आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे आहेत, परवा डोळ्यांतून पाणी येतंय. अहवाल द्यायचा दिवस गुरुवार. मला त्यांची दया आली. म्हटलं, ह्या वयात बारीक अक्षरांचा त्रास होत असेल, म्हणून मी मोठ्या दुकानातून मोठ्या अक्षरांची प्रत घेतली. पानाला नऊच ओळी, एकेक अक्षर बोराएवढं. इतकं सुंदर काम की विकत घेताना माझाच ऊर भरून आला.

मंगळवारी ती घेऊन मी वर्गात गेले. आपांनी प्रत दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांना लावली, आणि ठवणीवर ठेवून दिली.

"वाचा ना आपा," मी म्हटलं. "आता डोळ्यांचं निमित्त नको."

"नंतर."

"थोडंसंच. मुलींना ऐकू दे."

मुलींनी गलका केला. आपांनी चष्मा सारखा केला, सुरुवातीचं वेलबुट्टीचं पान उलटलं आणि म्हणायला सुरुवात केली. काय आवाज! साठी उलटलेल्या बाईचा वाटू नये असा. खाली इस्त्रीवाल्याचा हातसुद्धा थांबला असणार. मी ऐकत होते, आणि सवयीने त्यांच्या बोटाकडे बघत होते.

नऊ ओळींत पान संपलं. बोट तळाला पोचलं. आवाज अजून चालूच होता. बोट क्षणभर घुटमळलं, मग उचललं गेलं आणि पुन्हा वर जाऊन पहिल्या ओळीवरून फिरू लागलं. जुन्या प्रतीतल्या उरलेल्या सहा ओळी आपा नव्या प्रतीतल्या त्याच पानाच्या पहिल्या सहा ओळींवर म्हणत होत्या.

पहिल्या रांगेत सात वर्षांची एक पोर बसते, तिला सगळे चिमणी म्हणतात. ती सकाळच्या शाळेतली. तिने मान लांब करून पाहिलं.

"आपा, ते इथे नाहीये. ते पुढच्या पानावर आहे."

आपा गप्प झाल्या. माझ्या मनात पहिला विचार आला की बाईंना काहीतरी झालंय, झटका वगैरे. मी पुढे सरकले आणि पानावरच्या सगळ्यात मोठ्या, सोनेरी शब्दावर बोट ठेवलं.

"आपा, हा शब्द काय आहे?"

"चष्मा कुठे गेला बघ माझा," आपा म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी मुलींना खाली पाठवलं. दार लावलं.

"आपा, कधीपासून वाचता येत नाहीये?"

"जन्मापासून," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, चटईचा एक सुटलेला धागा ओढत होत्या. त्यांचे वडील हाफिज. आतल्या खोलीत दोन्ही मुलांना शिकवायचे. ही दाराआड बसून गहू निवडायची आणि ऐकायची. भावांनी मार खाल्ला, हिने पाठ केलं. ही बारा वर्षांची असताना थोरला भाऊ एका ठिकाणी अडला, आणि हिने दाराआडून पुढचा शब्द सांगितला. वडील उठून बाहेर आले. हिला वाटलं, आता थोबाडीत बसणार. वडिलांनी समोर बसवून तीन दिवस हिच्याकडून सबंध किताब म्हणवून घेतली. तिसऱ्या दिवशी ते ढसाढसा रडले. मग वर्षभर हिचं बोट धरून पंधरा ओळींच्या प्रतीवर फिरवलं, हे इथे सुरू होतं, हे तिथे संपतं.

"आणि अक्षरं?" मी विचारलं.

"आजी म्हणाली, पोरीला अक्षर आलं की पोर चिठ्ठ्या लिहील. वडिलांना पटलं."

माझा विश्वासच बसेना. जो माणूस पोरीची स्मरणशक्ती बघून रडला, त्याने तिला सबंध किताब दिली आणि एक अक्षर दिलं नाही! मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले. तो माणूस समोर असता तर मी त्याला काय काय सुनावलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मग लोक आपल्या मुली आणून सोडायला लागले," आपा म्हणाल्या. "एकदा सगळे आपा म्हणायला लागल्यावर मी कुणाच्या दारात जाऊन म्हणू, की बाई गं, मला पहिलं अक्षर दाखव? तुमच्या बापांच्या मागे उगाच लागत होते का मी? माझ्याकडे काय मिळत नाही ते मला ठाऊक होतं."

"आणि ह्या अकराजणी? त्यांना कुठे मिळणार होतं?"

आपांच्या हातातला धागा पार तुटला.

मी खाली जाऊन त्या अकराजणींना वर आणलं. आमच्याकडची भाषा अरबी नव्हे, पण अक्षरं तीच. किताब ज्याला वाचता येते त्याला दुकानाची पाटी वाचता आलीच पाहिजे. मी पिशवीतून शाळेचं पहिलीचं पुस्तक काढलं आणि एकेकीसमोर धरलं. दोघींना जमलं, त्यांना भावांनी शिकवलं होतं. बाकी नऊजणींना नाही. त्यातल्या सगळ्यात मोठीचं कधी विसरणार नाही मी. तेरा वर्षांची, पाच वर्षं वर्गात, अतिशय गुणी पोर. तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या शेळीची गोष्ट होती पानावर. तिने पुस्तक नीट ठवणीवर ठेवलं, पहिल्या ओळीखाली बोट धरलं, आणि गोड गळ्याने अरबी म्हणायला लागली. शेळीच्या चित्रावरूनही बोट फिरवून गेली. पान संपवून तिने माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच.

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला होता. त्यांनाही हे त्या दिवशीच कळलं असावं. आपलं लपवण्यात माणूस इतका गुंततो, की समोरच्याचं काय होतंय ते त्याला दिसतच नाही.

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. आई खिडकीपाशी बसून रोजच्यासारखी वाचत होती. ओठ हलताहेत, बोट फिरतंय. लहानपणापासून बघत आलेय मी हे. आईसुद्धा आपांचीच, अगदी पहिल्या तुकडीतली. विचारायचा धीर होईना, आणि न विचारता राहवेना. तशीच नऊ ओळींची एक प्रत माझ्यासाठीही घेतली होती, ती मी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आई, आज ह्यात वाच. अक्षर मोठं आहे."

आई खूश झाली. दोन पानं वाचली, दोन्ही वेळा म्हणणं बाकी असतानाच पान संपलं, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठून आणलीस ही? परत दे. ह्यात सगळं हलवून ठेवलंय."

"काही हलवलेलं नाही, आई."

"मला शिकवू नकोस! पन्नास वर्षं वाचतेय मी!"

तिने पुन्हा पानाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा पानाकडे. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने किताब मिटली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग मी इतकी वर्षं काय करत होते गं?"

मी शाळा तपासनीस. जिल्हाभर फिरून परक्यांच्या पोरांना उभं करून वाचायला लावते. आणि ज्या बाईच्या हातचं जेवून मोठी झाले तिला अक्षरओळख नाही, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. किराण्याची यादी ती नेहमी मला लिहायला सांगायची. मी म्हणायचे, आई आळशी आहे. लाज वाटली मला. अजून वाटते.

त्या दिवसापासून मी मोहल्ल्यातून चालते ती दचकत दचकत. उन्हाला बसलेली प्रत्येक म्हातारी दिसली की मनात येतं, हिला येतं का? का हीसुद्धा पानं उलटतेय? कितीजणी असतील? इतकी वर्षं आम्ही सगळे छाती फुगवून सांगत आलो, आमच्या मोहल्ल्यातली बाई न् बाई वाचते.

बुधवारी रात्रभर तळमळले. अपात्र लिहिलं तर अकरा बाप पोरींना घरी बसवणार. पात्र लिहिलं तर कागदावर शाळा, आणि खोलीत शेळीच्या गोष्टीवर अरबी. गुरुवारी सकाळी कार्यालयात जाऊन मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, "शिकवण्यास अपात्र." लिहून होतंय तोच दारात आपा. मोठा रस्ता ओलांडून, दोन जिने चढून आल्या होत्या. हात धरायला चिमणी बरोबर, शाळेत निघालेली, पाठीला दप्तर.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

कागद टेबलावर होता, त्यांच्या समोर, सुलटा. आपा त्याच्याकडे बघत होत्या, आणि मला दिसत होतं की त्यांच्या लेखी ती नुसती शाई आहे. इतकी थकलेली दिसत होती ती बाई. त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "पात्र लिहिलंय, आपा. शिकवण्यास पात्र." वाटलं, आज समाधानाने जाऊ देत. नंतर बघू.

आपांनी मान हलवली. मग चिमणीला पुढे केलं.

"तू वाच गं."

"आपा, राहू दे ना," मी कागद ओढायला गेले. आपांनी त्यावर तळहात ठेवला.

चिमणीने टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकली आणि शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं, "शिकवण्यास अपात्र."

शिपाई दारातून आत डोकावला आणि निघून गेला. माझी मान वर होईना.

"बरोबर वाचलं का तिने?" आपांनी मला विचारलं.

"हो."

"शाबास पोरी." त्यांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज चढला नव्हता. "पाहिलंस ना तू? वाईट माणसाची गोष्टच सोड. तू, जिला मी बापाशी भांडून शाळेत घातलं, जिचा माझ्यावर जीव आहे, तीसुद्धा मला खोटं वाचून दाखवतेस. मायेनं दाखवतेस, म्हणून तर मला कधी कळलंही नसतं. उद्या ह्या पोरींना कोण काय काय वाचून दाखवेल, त्याचा हिशेब आहे?"

"चुकलं माझं, आपा."

"लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. त्यावर शिक्का मार."

मी शिक्का मारला. तो वाकडा उठला.

"आता शिकवायला बाई पाठव. खोली माझीच राहील."

"त्यांचे बाप नाही म्हणतील."

"काल प्रत्येक घरी जाऊन आले मी. मला वाचता येत नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दोघांनी दार लावून घेतलं. एकाने चोर म्हटलं, म्हणू दे. सगळ्यांना एवढंच सांगितलं, की बाई नवी असली तरी मी खोलीत समोर बसलेली असेन. नऊजण हो म्हणाले. उरलेल्या दोघांकडे संध्याकाळी पुन्हा जाणार आहे."

काल दिवसभर ही बाई त्या अकरा दारांत उभी होती, आणि मी रात्रभर अंथरुणात तळमळत कागदाची काळजी करत होते.

"बाई सोमवारपासून येईल," मी कसंबसं म्हटलं. "पुस्तकं आजच पाठवते. अकरा."

"बारा पाठव."

"मुली अकराच आहेत, आपा."

"मोजता येतं मला," आपा म्हणाल्या.